एकोणीस औंसांचा क्यू : एका वजनाचा इतिहास

पूलच्या टेबलाशेजारी भिंतीला लावून ठेवलेले क्यू नीट पाहिले, तर त्यांच्या जाड टोकापाशी बहुधा एक आकडा दिसतो : १८, १९, २०, २१. नवखा खेळाडू हमखास २१चा उचलतो. काठी जितकी जड तितका फटका जोरदार, असा त्यामागचा सरळ हिशोब. मुरलेला खेळाडू मात्र रांग चाळत बसतो आणि पुष्कळदा १९चा क्यू हाती लागल्यावरच टेबलाकडे वळतो.

हा आकडा औंसांचा आहे. १९ औंस म्हणजे सुमारे ५४० ग्रॅम, अर्ध्या किलोपेक्षा जेमतेम अधिक. गंमत अशी की हे वजन कोणत्याही नियमाने ठरवून दिलेले नाही. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनचे नियम एवढेच सांगतात की क्यू २५ औंसांहून जड नसावा आणि ४० इंचांहून आखूड नसावा. किमान वजनाची अट नाही. एवढी मोकळीक असूनही जगभरातील खेळाडू १८ ते २१ औंसांच्या अरुंद पट्ट्यातच फिरतात. असे का, याचे उत्तर शरीरशास्त्राइतकेच इतिहासातही आहे. या धाग्यात त्याचाच माग.

प्रारंभ गवतावर होतो. पंधराव्या शतकात उत्तर युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, हिरवळीवर लाकडी चेंडू ढकलण्याचे खेळ खेळले जात. त्यांतला एक खेळ पाऊसपाण्याला कंटाळून घरात आला आणि टेबलावर चढला. टेबलावरच्या हिरव्या बनातीत त्या हिरवळीची आठवण आजही उरली आहे. फ्रान्सचा राजा अकरावा लुई (कारकीर्द १४६१–१४८३) याच्याकडे असे टेबल होते, असे सांगितले जाते.

त्या टेबलावर क्यू नव्हता. होती ती गदा. इंग्रजीत तिला ‘मेस’ म्हणत. तिचा आकार आपल्या हनुमंताच्या गदेसारखा मात्र नव्हे. लांब, बारीक दांडा आणि त्याच्या टोकाला लाकडाचा चपटा, जड ठोकळा. खेळाडू ताठ उभा राही, दांडा खांद्याच्या उंचीला धरी आणि ठोकळा टेबलावर सरकवत चेंडू पुढे ढकली. अन्त्वान त्रुव्हँ याने १६९४ मध्ये कोरलेल्या एका चित्रात चौदावा लुई नेमका असाच, दरबाऱ्यांच्या गराड्यात, बिलियर्ड्स खेळताना दिसतो.

त्या चित्रात एक बारकावा आहे, आणि आपल्या विषयाचे मूळ त्यातच आहे. गदेचा ठोकळा टेबलावर टेकलेला असे. म्हणजे तिचे वजन टेबल पेलत होते, हात नव्हे. गदा थोडी जड असली काय नि हलकी असली काय, राजाच्या मनगटाला त्याचे सोयरसुतक नव्हते. उपकरणाच्या वजनाचा प्रश्न पडायला आधी ते उपकरण हातात तोलून धरावे लागते.

(जाता जाता : या राजाच्या बिलियर्ड्सच्या छंदाने एका माणसाचे नशीब उजळले. मिशेल शामियार हा उत्तम बिलियर्ड्स खेळे. त्या निमित्ताने तो राजाच्या निकट आला, १६९९ मध्ये अर्थखात्याचा प्रमुख झाला आणि १७०१ मध्ये युद्धखातेही त्याच्याकडे आले. टेबलावरचा हिशोब त्याला जमत होता, राज्याचा जमला नाही. १७०९ पर्यंत त्याला दोन्ही पदे सोडावी लागली.)

चेंडू कडेला जाऊन चिकटला की गदेची पंचाईत होई. ठोकळा मागे नेऊन चेंडूमागे टेकवायला जागाच उरत नसे. अशा वेळी खेळाडू गदा उलटी करत आणि दांड्याच्या बारीक टोकाने चेंडू टोचत. दांड्याच्या या टोकाला फ्रेंचमध्ये ‘क्य’ म्हणत, अर्थ, शेपूट. ‘क्यू’ हा शब्द तिथून आला. ज्या वस्तूला आज लोक मखमली पेटीत जपतात, ती मुळात दुसऱ्या एका वस्तूची शेपटी होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस या शेपटीने स्वतंत्र संसार थाटला आणि गदा हळूहळू मागे पडली.

मागे पडली, पण सर्वांसाठी नाही. टोकदार क्यूने बनात फाटते, या भीतीने दीर्घकाळ तो फक्त पुरुषांच्या हाती दिला गेला. स्त्रियांनी गदेनेच खेळावे असा दंडक होता, कारण त्यांच्या हातून कापड फाटण्याचा धोका अधिक, असा समज. या समजाला आधार कोणता, हे विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. परिणाम मात्र स्पष्ट आहे. खेळातले सगळे कौशल्य क्यूकडे सरकत असताना अर्ध्या मानवजातीच्या हाती ढकलायचा ठोकळाच राहिला. ‘आपल्याला योग्य वजनाचा क्यू कोणता’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांना एकाच वेळी मिळालेला नाही.

पुरुषांच्या हाती आलेला क्यूदेखील सुरुवातीला फारसा गुणी नव्हता. त्याचे टोक उघड्या लाकडाचे. चेंडूच्या मध्यापासून जरा बाजूला मारायला जावे तर ते घसरे. म्हणून मारायचे ते नेमके मध्यावर आणि सरळ. अशा खेळात क्यूचे वजन दोन-तीन औंसांनी इकडेतिकडे झाले तरी फारसे काही बिघडत नव्हते.

ही स्थिती बदलली ती चामड्याच्या एका चकतीने. तिचे श्रेय फ्रान्स्वा मँगो या फ्रेंच पायदळाच्या कप्तानाला दिले जाते. कथा अशी की मँगो राजकीय कैदी म्हणून बॅस्टिलच्या तुरुंगात होता. तिथल्या टेबलावर त्याने क्यूला चामड्याचे टोक लावले आणि त्या खेळात तो इतका रमला की सुटकेच्या वेळी त्याने शिक्षा वाढवून मागितली. कथा सुरेख आहे. अडचण एवढीच की मँगोचा जन्म १७७१ चा, आणि बॅस्टिल पडले १४ जुलै १७८९ रोजी, तो अठरा वर्षांचा असताना. चामड्याच्या टोकाचा काळ १८०७ च्या आसपासचा मानला जातो. तोवर बॅस्टिलचे दगडही जागेवर उरले नव्हते. मँगो तुरुंगात होता, पण तो पॅरिसजवळच्या बिसेत्र इथे. इतिहासात बॅस्टिलचे नाव जोडले की गोष्ट अधिक खपते, एवढाच याचा अर्थ.

चामड्याचे टोक चेंडूला क्षणभर धरून ठेवते. त्यामुळे मध्याच्या खाली, वर, डावीकडे, उजवीकडे मारता येऊ लागले. चेंडू पुढे जाऊन मागे परतू लागला, कडेवर आपटून अनपेक्षित दिशेला वळू लागला. पहिल्यांदा पाहणाऱ्यांना हा जादूटोणा वाटला असेल तर नवल नाही. पुढे इंग्लंडमधील बाथ शहरात जॅक कार नावाचा मार्कर, म्हणजे टेबलावर गुण मोजणारा सेवक, टोकाला खडू लावून चेंडू फिरवून दाखवू लागला आणि ‘फिरकीची पूड’ म्हणून साधा खडू गिऱ्हाइकांना विकू लागला. मँगोने आपल्या फटक्यांचे पुस्तक १८२७ मध्ये प्रसिद्ध केले. १८३५ मध्ये गास्पार-ग्युस्ताव्ह कोरिओलिस या गणितज्ञाने बिलियर्ड्सच्या चेंडूंवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. पृथ्वीच्या फिरण्याने वारे वळतात, हे समजावताना भूगोलाच्या पुस्तकात ज्याचे नाव येते, तोच हा कोरिओलिस.

इथून पुढे वजन हा खरा प्रश्न झाला. फिरकीचा फटका जोराचा नसतो, अचूकतेचा असतो. टोक ठरल्या बिंदूपासून दोन-तीन मिलिमीटर सरकले तरी चेंडूची चाल पार बदलते. क्यू फार हलका असेल तर हाताचा बारीकसा कंपही टोकापर्यंत पोहोचतो. फार जड असेल तर हळुवार फटका हवा तिथे हात त्याला आवरत बसतो. वजन म्हणजे ताकद नव्हे, वजन म्हणजे हाताच्या चुका किती उमटू द्यायच्या याची निवड, अशी ही नवी परिस्थिती होती.

पण अचूक वजन निवडायचे तर ज्याला मारायचे तो चेंडूही अचूक हवा. तो नव्हता. एकोणिसाव्या शतकातले उत्तम चेंडू हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून मोजकेच चेंडू निघत. सुळ्याच्या मध्यातून मज्जेची पोकळी जाते, त्यामुळे चेंडूचा गुरुत्वमध्य नेमका केंद्रात साधणे ही मोठी कारागिरी होती. शिवाय हस्तिदंत हवेतली आर्द्रता शोषतो. तोच चेंडू पावसाळ्यात एक वागे, उन्हाळ्यात दुसरे. अशा चेंडूपुढे ‘माझा क्यू अर्धा औंस हलका हवा’ असे म्हणणे म्हणजे डगमगत्या तागडीत सोने तोलण्यासारखे होते.

बाकी साहित्य मात्र भराभर सुधारत होते. लंडनच्या जॉन थर्स्टनने १८२६ मध्ये लाकडी पृष्ठभागाच्या जागी पाटीचा दगड, म्हणजे स्लेट, बसवला. १८४५ मध्ये थंडीतही लवचीक राहणारे प्रक्रिया केलेले रबर कडांना आले. उरला होता चेंडू. अमेरिकेतील फेलन आणि कोलेंडर या कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. हा मायकेल फेलन स्वतः नामांकित खेळाडू होता. १८५९ मध्ये डेट्रॉइट इथे १५,००० डॉलरच्या पैजेचा सामना त्याने जिंकला होता. बक्षिसाच्या जाहिरातीने जॉन वेस्ली हायॅट या तरुण कारागिराला नादी लावले, आणि त्या खटपटीतून १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड जन्मले. प्लॅस्टिकच्या युगाचे एक दार बिलियर्ड्सच्या टेबलाने उघडले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सेल्युलॉइडचे चेंडू ज्वालाग्राही होते. जोरात आदळले की कधीकधी बारीक फटाक्यासारखा आवाज करत, असे खुद्द हायॅटने पुढे सांगितले आहे.

खरा तोडगा निघाला तो विसाव्या शतकात, फिनॉलिक रेझिनच्या चेंडूंनी. बेकलंडने १९०७ मध्ये शोधलेल्या बेकेलाइटचे हे भाऊबंद. आता सोळाच्या सोळा चेंडू व्यासाने आणि वजनाने सारखे मिळू लागले. आजच्या पूलच्या चेंडूचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर, आणि वजन साडेपाच ते सहा औंस. समोरची वस्तू स्थिर झाली, तेव्हाच हातातल्या वस्तूचे वजन औंसांत बोलण्यात अर्थ आला.

आता तो हिशोब करून पाहू. क्यूची गती तीच ठेवली, तर चेंडूला मिळणारा वेग क्यूचे वजन भागिले क्यू आणि चेंडू यांचे एकत्रित वजन, या प्रमाणात बदलतो. चेंडू १७० ग्रॅमचा धरा. १७ औंसांच्या (४८२ ग्रॅम) क्यूसाठी हे प्रमाण सुमारे ०.७४ येते आणि २१ औंसांच्या (५९५ ग्रॅम) क्यूसाठी सुमारे ०.७८. म्हणजे क्यू जवळपास पावपट जड केला, तरी चेंडूचा वेग वाढला सुमारे ५ टक्के. तोही हाताने जड क्यू तितक्याच झपाट्याने फिरवला तर. बहुतेक हात तसे फिरवू शकत नाहीत, आणि ते ५ टक्केही वाटेतच संपतात. भिंतीवरचा २१चा क्यू उचलणाऱ्या नवख्याच्या हिशोबात चूक आहे ती इथे.

विटी-दांडू खेळलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. दांडू विटीपेक्षा बराच जड हवा, पण ओंडका घेऊन कुणी विटी कोलत नाही. इथे कुणी सचिन तेंडुलकरांच्या जड बॅटचा दाखला देईल, पण तो लागू पडत नाही. फलंदाजाकडे चेंडू वेगाने येतो आणि बॅटला तो धक्का पचवून परतवायचा असतो. पूलचा चेंडू स्थिर असतो. त्याला धक्का द्यायचा आहे, त्याचा धक्का झेलायचा नाही.

याच हिशोबाचा दुसरा पुरावा भारतात जन्मलेल्या खेळात सापडतो. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने स्नूकरचा डाव मांडला, आणि १८८२ मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून भिंतीवर लागले. स्नूकर आणि इंग्लिश बिलियर्ड्सचा चेंडू पूलच्या चेंडूहून लहान, ५२.५ मिलिमीटरचा, आणि वजनाने सुमारे १४० ग्रॅम. स्नूकरचे खेळाडू बहुधा १७ ते १८ औंसांचा क्यू वापरतात. भागाकार करून पाहावा : पूलमध्ये क्यू चेंडूच्या सुमारे सव्वातीन पट, स्नूकरमध्ये सुमारे साडेतीन पट. दोन खेळ, दोन खंड, दोन लाकडे (तिकडे मेपल, इकडे ॲश), आणि प्रमाण मात्र जवळजवळ एकच. कोणत्याही समितीने हे ठरवले नव्हते. हजारो हातांनी करून पाहिले आणि ते तिथे येऊन थांबले.

या इंग्लिश परंपरेतच पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स वाढले. १९५८ मध्ये कलकत्त्याला त्यांनी जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता मिळाला. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा जिंकले. पाठोपाठ मुंबईचे मायकेल फरेरा तीनदा जगज्जेते झाले. छावण्यांच्या आणि जिमखान्यांच्या ज्या टेबलांभोवती भारतीय माणूस कधीकाळी फक्त मार्कर म्हणून, साहेबाच्या हाती क्यू देत, उभा असे, त्याच टेबलांच्या खेळातली ही विजेतेपदे आहेत.

अमेरिकेत वळण निराळे. ‘पूल’ हा शब्दच मुळी पैजेच्या सामायिक रकमेचा. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायच्या खोल्यांना पूलरूम म्हणत. दोन शर्यतींच्या मधला वेळ जावा म्हणून तिथे टेबले मांडली गेली आणि खोलीचे नाव खेळाला चिकटले. तिथले क्यू दुकानमालकाचे, भिंतीवरचे, वाकलेले, सर्वांनी हाताळलेले. स्वतःचा क्यू पेटीतून आणणारा माणूस उघडच पट्टीचा खेळाडू ठरे. म्हणून परक्या गावात भोळ्यांना पैजेत ओढणारे लोक मुद्दाम भिंतीवरचाच क्यू घेत. स्वतःच्या वजनाचा क्यू बाळगणे म्हणजे आपली ओळख उघड करणे होते.

पुढे त्या ओळखीचीच प्रतिष्ठा झाली. रशियात जन्मलेला, लहानपणी न्यूयॉर्कला आलेला जॉर्ज बालाबुश्का १९५९ पासून खेळाडूंसाठी क्यू घडवू लागला. त्याच्या नावाचा दबदबा असा की १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’ चित्रपटात क्यूचे नाव बालाबुश्का म्हणून घेतले जाते. पडद्यावर दिसणारा क्यू मात्र दुसऱ्याच कारखान्याचा आहे. दोन तुकड्यांत उघडणाऱ्या आजच्या अनेक क्यूंच्या मागच्या टोकात धातूचा एक बोल्ट असतो. तो बदलला की वजन बदलते. राजाच्या टेबलावर जो प्रश्नच नव्हता, तो आता एका स्क्रूवर सुटतो.

अर्थात पूर्णपणे नाही. बोल्टचे वजन मागे जमा होते, त्यामुळे क्यूचा तोल मागे सरकतो. बोटावर आडवा ठेवला असता पूलचा क्यू मागच्या टोकापासून साधारण दीड फुटावर स्थिरावतो. हा बिंदू दोन इंच हलला, तरी १९ औंसांचे दोन क्यू हाताला निरनिराळ्या वजनाचे वाटतात. काटा एक सांगतो, मनगट दुसरे. म्हणून आकडा वाचून क्यू विकत घेणाऱ्यापेक्षा दहा हळुवार फटके मारून पाहणारा शहाणा. सुरुवात १९ने करावी. हळू फटक्यात टोक डगमगत असेल तर थोडे वर जावे, थांबवायचा चेंडू पुढे पळत असेल तर थोडे खाली. डाव फोडण्याच्या पहिल्या फटक्यासाठी पूर्वी मुद्दाम जड क्यू घेण्याची रीत होती. आज पुष्कळ व्यावसायिक त्यासाठीही नेहमीच्या वजनाचाच, कडक टोकाचा क्यू घेतात. कारण वरच्या हिशोबातले आहे : हाताच्या वेगाची भरपाई वजनाने होत नाही.

आणि एकदा जमलेला तोल खेळाडू सहजी सोडत नाही. पंधरा वेळा स्नूकरचा जगज्जेता झालेल्या जो डेव्हिसने तरुणपणी काही शिलिंगांना घेतलेला क्यू कारकीर्दभर वापरला. १९५५ मधला १४७ गुणांचा त्याचा विक्रमी डाव त्याच क्यूने झाला. स्टीफन हेंड्रीने १९९० ते १९९९ या काळात सातही जागतिक विजेतेपदे एकाच, अगदी स्वस्तातल्या क्यूने मिळवली. २००३ मध्ये विमानप्रवासात तो क्यू मोडला. औंसांत मोजले तर तशा वजनाचे क्यू कोणत्याही दुकानात मिळाले असते. हेंड्री नवा क्यू घेऊन टेबलाकडे परतला, २००५ मध्ये त्याने माल्टा चषक जिंकला, आणि मानांकन स्पर्धांतले ते त्याचे छत्तिसावे व अखेरचे विजेतेपद ठरले.